रंगीत तालीम आणि रोजची हजेरी

दरवर्षी १४ एप्रिलला राज्यभरच्या अग्निशमन केंद्रांवर मानवंदना होते आणि पुढचा आठवडा शाळा, रुग्णालयं, मॉल, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी रंगीत तालमींचा असतो. भोंगा वाजतो, कर्मचारी रांगेने जिना उतरतात, लाल सिलिंडरमधून पांढरी पूड उडते, फोटो निघतात. ही तारीख १९४४ सालची आहे. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकंही होती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली आणि चार वाजून गेल्यावर पहिला महास्फोट झाला. मधले दोन तास बंबवाले तिथेच पाणी मारत होते. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल बावटा चढवायचा, असा नियम होता. तो बावटा त्या दिवशी चढवलेला नव्हता. जवानांचं बलिदान आपण ऐंशी वर्षं नेमाने आठवत आलो आहोत, ते योग्यच आहे. पण त्या न चढलेल्या बावट्याबद्दल अग्निशमन सप्ताहाच्या भाषणांत सहसा कुणी बोलत नाही. बावटा चढवणं हे शौर्याचं काम नव्हतं. ते रोजच्या नोकरीतलं, कुणाच्या तरी कामाच्या यादीतलं किरकोळ काम होतं. माझं म्हणणं या किरकोळ कामांबद्दल आहे. शहर संकटात किती सावरेल हे त्याच्या आपत्ती कक्षातल्या पडद्यांवरून कळत नाही. पालिकेचा साधा कामगार एरवीच्या मंगळवारी किती सुरक्षित असतो, त्यावरून ते बरंच कळतं.

कायदाही याच क्रमाने विचार करतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याच्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणांची, म्हणजे महापालिका, नगरपालिका, पंचायती यांची कर्तव्यं दिली आहेत. बोटी, यंत्रं, साधनसामग्री सज्ज ठेवणं हे दुसऱ्या क्रमांकावर येतं, मदत आणि पुनर्वसन त्याच्याही खाली. पहिलं कर्तव्य आहे आपल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देणं. व्यवहारात मात्र या कलमाचं रूपांतर एका कक्षात होतं. एक अधिकारी, एक दूरध्वनी क्रमांक, मे महिन्यातली मान्सूनपूर्व बैठक, नालेसफाईचे आकडे आणि दूरध्वनींच्या यादीने निम्मा भरलेला आराखडा. प्रशिक्षणाला जातात ते अभियंते आणि अधिकारी. पुण्याच्या यशदात किंवा मुंबई महापालिकेच्या परळच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेत मिळणारं शिक्षण चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घटना घडते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत तिथे कोण असतं? मुकादम असतो, सफाई कामगार असतो, पाणीखात्याचा चावीवाला असतो, रुग्णालयात आया आणि वॉर्डबॉय असतात, शाळेत शिपाई असतो. ही माणसं शहराची पहिली बचावफळी आहेत आणि बहुतेक आराखड्यांत त्यांचा उल्लेख ‘मनुष्यबळ’ या एका शब्दात, संख्येसकट, संपतो.

गटाराचं उदाहरण घेऊ, कारण आपत्तीचे सगळे घटक तिथे चार फूट व्यासाच्या जागेत सापडतात. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून अनुभवी माणूस नाकावर भरवसा ठेवतो. पण हवेत त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास गेलं की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, नेमकं तेव्हाच तो मारक पातळीकडे चाललेला असतो. सातशे-हजारावर तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. झाकण उघडून ठेवलं म्हणजे तो आपोआप निघून जाईल याची खात्री नाही, आणि साचलेल्या घाणीत काठी घातली तर त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. आता दुसरी गोष्ट. खाली उतरलेला कोसळतो, वरचा जोडीदार हाक मारतो, उत्तर येत नाही, म्हणून तो उतरतो. मग तिसरा. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंचा ताळा मांडला, तेव्हा त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते असं दिसलं. आपल्याकडच्या बातम्या वाचणाऱ्याला हे आकड्याशिवायही पटेल. ‘टाकीत तिघांचा मृत्यू’ या बातमीतला पहिला बहुधा कामगार असतो आणि पुढचे दोन त्याला काढायला गेलेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर असेच गुदमरून गेले. पाण्याची टाकी म्हटल्यावर गुदमरण्याची शंकासुद्धा कुणाला येत नाही. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार गटारं आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ३७७ माणसं गेली.

या मृत्यूंकडे आपण सफाई कामगारांचा प्रश्न म्हणून पाहतो. तो आहेच, पण त्यात शहराच्या तयारीची प्रश्नपत्रिकाही आहे. वायू मोजणारं यंत्र चौकीत होतं का? ते वापरायला येणारा माणूस त्या पाळीत होता का? उतरणाऱ्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? ‘उतरू नका’ असं म्हणायचा अधिकार कुणाला होता, आणि तो म्हटल्याबद्दल त्याची बदली झाली नसती का? जोडीदार पडल्यावर स्वतःला आवरून आधी फोन करायचा हे शरीरात कधी मुरवलं गेलं होतं का? पूर, इमारत कोसळणं, आग, वायुगळती या सगळ्यांत हेच पाच प्रश्न येतात, फक्त मोठ्या अक्षरांत. ज्या पालिकेला एका मॅनहोलपाशी त्यांची उत्तरं देता येत नाहीत, ती एका प्रभागापुरती ती देऊ शकेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

कायद्यानेही इथे एक विचित्र भेग ठेवली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत पाणी आणि सांडपाणी उपसणं येत होतं. म्हणजे पालिकेचं उदंचन केंद्र हा कायद्याच्या भाषेत कारखाना. त्याच्या आतल्या बंदिस्त टाकीत उतरायचं तर कलम ३६ लागू होतं: जाणकार माणसाने तपासून दिलेला लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा, आणि त्या दोराचं टोक बाहेर उभ्या असलेल्याच्या हातात. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्या अधिनियमाची जागा घेतली. पण केंद्राच्या कुंपणाबाहेर पन्नास फुटांवर रस्त्यातल्या मॅनहोलमध्ये तोच मैला, तोच वायू, कित्येकदा तोच माणूस असतो, आणि तिथे कारखाना निरीक्षक येत नाही. रस्त्यासाठी २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा आहे. संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवणं त्याच्या कलम ७ ने गुन्हा ठरवलं आहे. नियमांत साधनांची लांबलचक यादी आहे, कामाच्या वेळी किमान तीन माणसं हवीत, त्यांत एक पर्यवेक्षक हवा, इतका तपशील आहे. नियम कमी नाहीत. त्यांची आठवण मृत्यूनंतर, पंचनाम्याच्या वेळी होते, ही अडचण आहे.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, याबद्दलचा गैरसमज इथे दूर करायला हवा. ‘सतर्क राहा, घाबरू नका, प्रशासनाला सहकार्य करा’ ही वाक्यं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. धोका वेगळा, तसं शरीराने करायचं कामही वेगळं, कधीकधी अगदी उलटं. खोलीत धूर भरला की खाली वाकायचं, जमिनीलगत सरपटत बाहेर पडायचं, कारण तापलेला धूर वर चढतो. क्लोरीन सुटला तर मात्र खाली वाकणारा मरेल. तो हवेपेक्षा अडीचपट जड, तळघरांत आणि खोलगट भागांत भरतो. तिथे उंचावर आणि वाऱ्याच्या उगमाच्या दिशेने जायचं असतं. गटाराच्या वायूत तर आत जायचंच नसतं. विजेच्या तारेला चिकटलेल्याला हात लावायचा नसतो, आधी प्रवाह तोडायचा असतो. ही चार संकटं पालिकेच्या एकाच प्रभागात, एकाच महिन्यात येऊ शकतात. क्लोरीनचा संबंध फक्त रासायनिक कारखान्यांशी जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की पाणी शुद्ध करण्यासाठी तो पालिका स्वतःच साठवते. जलशुद्धीकरण केंद्रांत त्याच्या टाक्या असतात, तरणतलावांवर सिलिंडर असतात. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडीच्या तरणतलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना, जीवरक्षकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तलावावरच्या जीवरक्षकाला बुडत्याला वाचवायचं शिकवलेलं असतं. वायू सुटल्यावर माणसं कोणत्या बाजूला काढायची, हेही त्याच्या नोकरीत मोडतं, असं नेमणुकीच्या कागदावर क्वचितच लिहिलेलं असतं.

नाशिकची घटना याहून जड आहे. २१ एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. टँकरमधून प्राणवायूची टाकी भरली जात असताना गळती सुरू झाली, आवारभर पांढरं धुकं पसरलं, नळ्यांतला दाब पडला आणि वर वॉर्डात व्हेंटिलेटरवर असलेले २२ रुग्ण त्या दिवशी गेले. टाकी काही आठवड्यांपूर्वीच बसवलेली, तिची देखभाल खासगी कंपनीकडे. त्या घाईच्या महिन्यांत देशभर अशा टाक्या बसल्या, आणि कुणी तरी त्या बसवायलाच हव्या होत्या, हे खरं. पण टाकी आली म्हणजे रुग्णालयाच्या आवारात एक लहानसा प्रकल्प आला. झडप कुठली, ती कुणी बंद करायची, दाब पडला तर वॉर्डातल्या परिचारिकेला किती सेकंदांत कळणार, तोवर मोठे सिलिंडर कुठून आणि कुणी उचलून आणायचे, ही सगळी औद्योगिक सुरक्षेची भाषा आहे. रुग्णालयाच्या प्रशासनाला ती परकी वाटते, कारण आपण रुग्णालयाला सेवा मानतो, कामाची जागा मानत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. ते रुग्णालय राज्य सरकारचं, पालिकेचं नव्हे, पण पुढे जे घडलं ते सगळीकडे घडतं: काही जण निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. दोष ठरवणं चौकशीचं काम. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. धुराने भरलेल्या अंधाऱ्या कक्षातून एका माणसाने एका वेळी किती बाळं, कशी उचलायची, याचा सराव रात्रपाळीतल्या कुणाला कधी कुणी दिला होता? नवजात बाळांना जिन्याने चालत उतरता येत नाही. रुग्णालयातली रंगीत तालीम मात्र बहुतेक वेळा चालत्या माणसांची, दिवसाउजेडी, बाह्यरुग्ण विभागात होते.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रशिक्षण होत नाही असं नाही, तालमी होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, मग निष्कारण दोष का देता? आणि तालीम वाईट असली तरी अजिबात नसण्यापेक्षा बरीच ना? या दुसऱ्या वाक्याला जपानने फार महागडं उत्तर देऊन ठेवलं आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत इवाते प्रांतातल्या कामाइशी शहराची जवळपास तीन हजार शाळकरी मुलं, अगदी थोडी सोडता, वाचली. उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं भूकंप होताच पळत सुटली, शेजारच्या प्राथमिक शाळेतली लहान मुलं त्यांच्या मागे निघाली, ठरलेली जागा पुरेशी उंच नाही असं वाटल्यावर ती आणखी वर गेली. पाठ केलेल्या जागेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा, असं त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं गेलं होतं. त्याच उनोसुमाईत एक आपत्ती निवारण केंद्र होतं. लाटेपासून जीव वाचवायला ती इमारत नव्हतीच. नंतर काही दिवस राहण्यासाठी होती. पण उंचावरच्या खऱ्या जागेपर्यंत चढणं वयस्कांना जड जातं, तालमीला लोक येत नाहीत, म्हणून सोयीसाठी तालमी या केंद्रात घेतल्या जात. त्सुनामीच्या आठच दिवस आधीही तशी एक तालीम झाली होती. खऱ्या दिवशी लोक शिकवल्याप्रमाणे केंद्रात गेले आणि शंभराहून अधिक माणसं तिथे बुडाली. उपस्थितीचा आकडा सुधारावा म्हणून सोपी केलेली तालीम लोकांना चुकीच्या जागी धाडते. आपल्याकडे तालमीच्या अहवालात ‘उपस्थिती’ हा रकाना पहिला असतो, म्हणून ही गोष्ट इतकी सविस्तर सांगितली.

दुसरा आक्षेप हजेरी चौकीतून येतो आणि तो मुकादमाच्या तोंडी नेहमी असतो: साधनं दिली तरी कामगार घालत नाहीत. हे पुष्कळदा खरं असतं. पण दमट ऑगस्टात रबरी हातमोजे घालून आठ तास कचरा उचलायचा, मापात न बसणारे गमबूट ओढत चालायचं, कापडी मास्क लावायचा जो धूळ थोडीफार अडवतो आणि वायू मुळीच अडवत नाही. अशा साधनांना नकार देणारा कामगार अडाणी आहे, असा निष्कर्ष काढायची आपल्याला फार घाई असते. साधन निवडताना ते वापरणाऱ्याला विचारलं गेलं का, ते धुवायला आणि बदलायला सोय आहे का, हे आधी पाहावं. याच्या तळाशी जुनं काहीतरी आहे, ते उघड बोलायला हवं. सफाईचं काम ठरावीक जातींच्या वाट्याला आलं, लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसांना नोकरीचा आधार दिला, आणि त्या आधाराची गरज नाकारता येणार नाही. पण काम पिढीजात झालं की ते रक्तातच असतं, शिकवायचं त्यात काय, अशी समजूत नकळत पक्की होते. विमानतळावर सामान चढवणाऱ्याला प्रशिक्षण लागतं हे आपल्याला पटतं. गटाराच्या रसायनशास्त्राशी रोज गाठ असलेल्याला ते लागतं हे पटायला मृत्यू व्हावा लागतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि चौथा ठेक्याचा. ते एकत्रच घेतो, कारण ते एकमेकांच्या आड लपतात. पैशाचा हिशेब सरळ आहे. गटारातल्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. चार वायू मोजणारं हातातलं यंत्र या रकमेच्या लहानशा अंशात येतं. ठेक्याचा मामला अवघड आहे. कचरा वाहतूक, नालेसफाई, रुग्णालयातली स्वच्छता, टाकीची देखभाल, पंप चालवणं, सगळं बाहेर गेलं आहे. ‘ते आमचे कामगार नाहीत’ हे वाक्य खातेप्रमुख प्रामाणिकपणे म्हणतो, कारण त्याच्या आस्थापना सूचीत ते नसतात. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं खटला लढवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे ते पालिकेचे ठरले. पुराच्या रात्री मात्र कुणी ओळखपत्र तपासत नाही. पंपावर जो असेल तो पंप चालवतो. तो आपला की ठेकेदाराचा यावर पाण्याची पातळी ठरत नाही. म्हणून निविदेतच प्रशिक्षणाचा दिवस पगारी कामाचा दिवस म्हणून धरावा लागेल, नाहीतर कुठलाही ठेकेदार रोजंदारीवरच्या माणसाला मजुरी देऊन वर्गात बसवणार नाही, आणि मजुरी बुडवून शिकायला या असं त्या माणसाला सांगण्याचा नैतिक अधिकार कुणालाही नाही. मेट्रोच्या बांधकामांवर काम सुरू होण्याआधी मजुरांना उभ्याउभ्या पाच-दहा मिनिटं त्या दिवसाचे धोके सांगितले जातात. तेही ठेक्याचेच मजूर असतात. करारात लिहिलं की होतं.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, मग पालिकेच्या झाडूवाल्याला कशाला घोड्यावर बसवता, असंही विचारलं जातं. या दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे आणि तिच्या कामाला तोड नाही. पण महाड तालुक्यातल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी दरड कोसळली, तेव्हा रस्ते पाण्याखाली होते आणि दल पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळलेल्या इर्शाळवाडीला चढून जाणाऱ्यांत खोपोली-लोणावळ्याकडचे गिर्यारोहक होते, आसपासचे गावकरी होते, आणि नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी होता जो त्या चढावर हृदयविकाराने गेला. बचाव करणाऱ्याची प्रकृती हीसुद्धा कामाच्या जागेची सुरक्षितता असते. मोहिमेवर निघण्याआधी कुणाला चढू द्यायचं नाही, हे ठरवणारा कुणी तरी लागतो. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या प्रतिसाद प्रणालीत यासाठी सुरक्षा अधिकारी असं स्वतंत्र पद आहे आणि असुरक्षित वाटलं तर काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळली आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह मुंबई दलाने चार ज्येष्ठ अधिकारी गमावले. त्यांच्या धैर्यापुढे बोलायला जीभ रेटत नाही. तरीही, धैर्याने आत जाणाऱ्यांना बाहेरून ‘आता मागे या’ म्हणणारं पद त्या त्या दलात खरोखर भरलेलं आहे का, हे विचारणं हाच त्यांच्याबद्दलचा आदर आहे.

नागरिकांच्या तयारीकडे वळलं की याच साखळीचं दुसरं टोक दिसतं. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली आणि एल्फिन्स्टन रोडजवळ पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. झाकण स्थानिक लोकांनी काढलं होतं, पाणी ओसरावं म्हणून. हेतू वाईट नव्हता, मदतीचाच होता. पालिकेने नंतर मॅनहोलमध्ये जाळ्या बसवायला घेतल्या. पण पाणी तुंबल्यावर झाकण कुणी काढायचं, काढलं तर तिथे काठी-फडकं लावून माणूस उभा ठेवायचा, हे ज्याला पोटापाण्याच्या कामामुळे माहीत असतं तो प्रभागातला कामगार. त्याने गल्लीतल्या चार पोरांना दाखवलं असतं तर ते कुठल्याही पत्रकापेक्षा पक्कं झालं असतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावातली बोट उलटून सतरा माणसं गेली. बोट होती, पण क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक तिच्यात बसले होते आणि अंगात जीवरक्षक जाकिटं नव्हती. साधन आहे आणि ‘आता बास, पुढच्या खेपेला’ असं म्हणणारा, ज्याचं लोक ऐकतील असा माणूस नाही. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत निवडक ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं, ती कल्पना चांगली आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले, आणि २०१३ च्या फायलिनमध्ये ती संख्या काही डझनांवर आली. मधल्या काळात गावोगाव निवारे, इशारे आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर राज्यभर होणाऱ्या तालमी होत्या. पण ओडिशात स्वयंसेवक ज्याच्याशी जोडला गेला तो गावपातळीवरचा सरकारी माणूसही त्याच तालमीत होता. तो नसेल तर स्वयंसेवक ओळखपत्र घेऊन एकटा पडतो.

यंत्रं आली की हा सगळा प्रश्न मिटेल, ही आशा मी मुद्दाम शेवटी घेतली. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सने केलेला ‘बँडिकूट’ हा रोबो मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरतो, आणि त्याचं स्वागतच करावं. पण खासगी सोसायट्यांच्या टाक्या, हातगाडीही न शिरणाऱ्या वस्त्यांतल्या गल्ल्या, बांधकामावरचे खड्डे यांपर्यंत तो लवकर जाणार नाही. यंत्र चालवणारा माणूसही शिकवावाच लागेल, आणि ते बंद पडेल त्या दिवशी खाली न उतरण्याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागेल.

या म्हणण्याची कसोटी लवकरच आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरेल. २७ ऑगस्ट २००३ च्या पर्वणीला नाशिकच्या सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले होते, त्यामुळे गर्दी नियंत्रणाच्या योजना, कॅमेरे, घाटांचे आराखडे यांवर बोललं जाणारच. पण घाटांवर, शौचालयांच्या रांगांत, तात्पुरत्या मलवाहिन्यांवर आणि कचऱ्याच्या गाड्यांवर असतील ती महिना-दोन महिन्यांसाठी ठेकेदाराने आणलेली हजारो माणसं. त्यांच्यापैकी कित्येकांना गोदावरीचे घाट पहिल्यांदाच दिसतील. लोंढा दाटायला लागला की तो आधी त्यांनाच जाणवेल, कारण गर्दीच्या मधोमध झाडू घेऊन तेच उभे असतील. त्यांच्या हातात शिट्टी आहे का, कुणाला काय कळवायचं हे ठाऊक आहे का, कोणती गल्ली मोकळी आहे हे पायांनी माहीत आहे का, त्यांच्या राहुट्यांजवळचे गॅस सिलिंडर कुठे ठेवले आहेत, मैल्याची टाकी तुंबली तर आत न उतरण्याचं त्यांना कुणी स्पष्ट सांगितलं आहे का? या माणसांची भरती ज्या निविदांतून होईल त्यांत झाडू, गणवेश, पिशव्या यांचे दर ओळीने असतात. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांची मजुरी ही ओळ त्यांत घालायला महापालिकेच्या स्थायी समितीला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. २००५ च्या कायद्याचं कलम ४१ पुरेसं आहे, आणि ती ओळ आहे की नाही हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून कुठल्याही नाशिककराला निविदा उघडण्याआधी पाहता येतं.